अर्लीनला त्रास देऊ नका

बार्लो फ्लॅटला ना महापौर, ना नगरपालिका, ना पोलीस. सरकारदरबारी ते गावच नव्हतं. वर्गणी काढून घेतलेला आगीचा बंब, पोस्टाची एक खिडकी, पाण्याची टाकी आणि अर्लीन हॉफर, एवढ्यावर सगळा कारभार चालायचा.

बंबावरच्या स्वयंसेवकांत प्रथमोपचार शिकलेली अर्लीन एकटीच. तरणीताठी असताना शिकली आणि म्हातारी झाली तरी गावानं तिला सोडलं नाही. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, ॲम्ब्युलन्स पाऊण तासाच्या वाटेवरून यायची. ती येईपर्यंत माणसाला धरून ठेवायचं काम अर्लीनचं. सरकारी आणीबाणीचा नंबर कुणी फिरवतच नसे, सरळ तिच्या घरी फोन. छातीत कळ आली तरी तिला, अंगठ्यात गळ रुतला तरी तिला. रूडी वेंट्झनं तर गाय अडली म्हणून तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं.

"अरे मेल्या, मी माणसांची आहे!" ती ओरडली.

"हळू बोल, गाय ऐकतेय," रूडी म्हणाला.

ती गेली, हे काय सांगायला हवं?

नवरा वारल्यावर घरात बोलणारा तो फोनच उरला. पण गुडघे कुरकुरायला लागले तसा तिच्या तोंडाचा पट्टाही सुटला. बंबाच्या शेडमध्ये दरवर्षी पॅनकेकचं गावजेवण असतं. तिथं ती उभी राहिली आणि म्हणाली, "आता पुरे झालं. आजपासून मला कुणी फोन करायचा नाही. मेलात तरी काउंटीला करा!"

खरं सांगायचं तर लोक गयावया करतील असं तिला वाटलं होतं. निदान एखादा तरी म्हणेल, असं कसं, अर्लीन? पण लोक पडले गुणी. त्यांनी टाळ्या वाजवल्या, महिन्याभरात निरोपाचा समारंभ ठरवून केक कापला, बायकांनी गोधडी शिवून तिच्या खांद्यावर घातली. ती हसली, आणि घरी येऊन ढसाढसा रडली.

त्यानंतर फोन मुका झाला. मधूनच ती रिसीव्हर उचलून कानाला लावी, बंद तर नाही ना पडला? चालू असायचा.

पुढच्या उन्हाळ्यात, गहू कापणीला आला तेव्हा, एका दुपारी लांबून सायरन ऐकू आला. अर्लीन सवयीनं उठली, दारापर्यंत गेली आणि माघारी फिरली. बोलावलंय कुणी मला? रुसून ती फोनशेजारच्या खुर्चीत बसून राहिली. ॲम्ब्युलन्स तिच्या खिडकीपुढून गेली आणि दोन घरं पलीकडे थांबली. ते घर डोलोरिसचं, तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं.

गुडघे विसरून ती धावली. डोलोरिसचा नवरा मर्ल स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. काउंटीच्या माणसांनी त्याची छाती दाबणं थांबवून हात काढून घेतले होते.

"तुझाच नंबर फिरवत होते गं," डोलोरिस म्हणाली. "मग म्हटलं, नको. वर्षभर मीच सगळ्यांना दटावतेय, अर्लीननं जन्मभर केलं, आता तिला त्रास देऊ नका. मग मीच कसा फोन करायचा? काउंटीला केला. फोनवरची बाई सांगेल तशी छाती दाबत राहिले. पण माझ्या हातात जोर कुठला?"

अर्लीननं तिचे हात हातात घेतले.

"तू आली असतीस तर वाचला असता का गं?"

कदाचित वाचला असता. अर्लीनच्या हातांनी परत आणलेली माणसं अजून गावात हिंडत होती. आजवर तिनं मरणाच्या दारातल्या माणसालाही खोटा धीर दिला नव्हता.

"नाही गं," ती म्हणाली. "नसता वाचला. अन् या गुडघ्यांनी मी वेळेवर पोचलेही नसते."

"खरं सांगतेस?"

"अगदी खरं."

डोलोरिसनं तिच्या खांद्यावर मान टाकली.

"मग बरं केलं, तुला उठवलं नाही ते."