इम्पेलचा वाक्यात उपयोग

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येत असे. (मॅट्रिकला मी दोनदा नापास झालो होतो आणि तेही इंग्रजीतच, पण घरात दुसऱ्या कोणाला तेवढंही जमलं नव्हतं.)

त्यामुळे धाकट्या बहिणीला, शांतीला, परीक्षेसाठी चिखलीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या गावातून मॅट्रिकला बसणारी ती पहिली मुलगी. पेपर चुकला, तर वैशाखात तिचं लग्न उरकायचं हे घरात ठरलेलं! आबा तापानं फणफणले होते. अंथरुणातूनच म्हणाले, "चांद्या बैलाले टोचू नको बे. टोचलं का थो खाली बसते."

मी मान डोलावली आणि बाजारातून आणलेली नवी तुतारी (वाजवायची नव्हे, बैलाला टोचायची, टोकाला खिळा असलेली काठी) गुपचूप आमच्या बैलगाडीत, दमणीत टाकली.

अमडापूर मागे पडलं तशी शांती म्हणाली, "दादा, इम्पेल म्हंजे काय?"

"पुढं जायले भाग पाडणं."

"अन् वाक्यात उपयोग?"

आता वाक्य येत असतं, तर मी दोनदा नापास कशाला झालो असतो?

"वाक्य कायले पाह्यजे? डोयानं पाह्य!" असं म्हणून मी चांद्याच्या पुठ्ठ्याला तुतारी टोचली.

चांद्या खाली बसला. भर रस्त्यात!

मी शेपूट पिळली, चुचकारलं, शेवटी हात जोडले. तो शांतपणे रवंथ करत राहिला. चिखली अजून दोन मैल होती. शांतीचे डोळे भरून आले आणि मला माझी मनापासून लाज वाटली.

"काऊन टोचलं रे, दादा?" ती एवढंच म्हणाली, वही छातीशी धरली आणि एकटीच चालू लागली.

ती वीसेक पावलं गेली असेल. रोज कडबा घालणारी निघून चालली म्हटल्यावर चांद्या उठला आणि जोडीदाराला ओढत, दमणीसकट तिच्या मागे निघाला. माझ्याशिवाय! "अबे थांब!" करत मी मागून पळत सुटलो.

शाळेच्या फाटकात आधी शांती पोचली, मग बैल, मग धापा टाकणारा मी. घंटा अजून व्हायची होती. मास्तरांनी आम्हा सगळ्यांकडे पाहून विचारलं, "परीक्षा कोणाची आहे?"

शांती पहिल्याच खेपेला पास झाली. आबांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा चांद्याला भरवला, दुसरा शांतीला. मलाही मिळाला, आईनं आठवण करून दिल्यावर.