काळ्या चौकोनातला आवाज

नोकरी नाहीतर संसार सांभाळून पदवी करणाऱ्या मोठ्या माणसांना मी नांदेडहून ऑनलाइन शिकवते. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन. चेहरा कुणीच दाखवत नाही. हजेरीला बिलोलीकडच्या एका शिलाईवालीचं नाव घेतलं की आधी खोकला यायचा, मग लांबवलेलं "हाऽय". मी मूळची पुण्याची. मला वाटायचं, बाई इंग्रजीतून रामराम करतात. मीही हसून "हाय" म्हणायचे. पुढे कळलं, हाय म्हणजे आहे, हजर आहे.

"समजलं का?" विचारलं की सगळे गप्प. तोच एक आवाज म्हणायचा, "हाव, समजलं. चालू द्या." त्या आवाजासाठी मी तयारी करून बसू लागले.

थंडीतल्या परीक्षेला केंद्रावर ती शिलाईवाली समोर आली. आवाज वेगळाच, कोवळा.

"हाजरी माझी सासू द्यायची, मॅडम. मी मशिनीवर बसून नुसतं ऐकायची. घरबसल्या शिकायला भेटलं, लई झालं. सासूनं शाळा पाहिली न्हाई, पण तुमचा तास कधी सोडला न्हाई. दसऱ्याला वारली."

"मग आता हजेरी कोण देतं?"

"कोनीच न्हाई."

आदल्याच संध्याकाळी उजळणीच्या तासाला मी तो खोकला ऐकला होता, आणि ते "हाऽय"सुद्धा.

पुढच्या तासाला तिचं नाव घ्यायला जीभ रेटेना. मी सरळ त्याच्या खालचं नाव घेतलं. चौकोनांतून खोकला आला.

"हाय म्हनलं ना, मॅडम."