अक्काला सोडलं

जुन्नरहून कल्याणला जाणाऱ्या एसटीत मी नेहमी खिडकी सोडून आतली जागा घेते. लोकांना वाटतं, म्हातारीला वारा सोसत नाही. खरं कारण म्हणजे माळशेज घाटाच्या अलीकडे रस्त्याला लागून पसरलेलं धरणाचं पाणी. एवढं पाणी दिसलं की मी डोळे मिटून घेते. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीची पायरी उतरायची मुभा नव्हती आणि त्याच धाकात वडिलांनी आम्हाला वाढवलं. त्यामुळे घराण्यात पोहणारं कुणी नव्हतं, सुधाकर शिकेपर्यंत.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. एका कारखान्यात फिटर होता, राहायला ठाण्यात कोपरीला. चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकला आणि मग काही गप्प बसेना. बायकोला शिकवलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवलं. मला प्रत्येक फोनवर एकच पालुपद, "अक्का, सुट्टीत ये, तुला पाण्यात ढकलतो." मी शाळामास्तरीण. पेपर तपासायचे आहेत असं सांगून दरवर्षी सुटका करून घ्यायचे. मग एका संध्याकाळी कामावरून घरी येताना तो लोकलमधल्या बॉम्बस्फोटात गेला. मृतांच्या यादीत त्याचं आडनावसुद्धा चुकीचं आलं होतं. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

इतकी वर्षं त्याच्या नावाची वंदना मी गावच्या विहारातच घेत असे. यंदा निवृत्त झाले आणि पुण्यानुमोदनाला (आम्हा बौद्धांकडचा, गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा कार्यक्रम) ठाण्याला जायचं ठरवलं. माझी भावजय मंगल हिने बायकांच्या ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला होता. 'रविवारी सकाळी सात, तलावावर. यंदा चौघीजणी अक्काला सोडणार. सगळ्यांनी यायचं.' सुधाकर जिथे शिकवायचा त्याच पोहण्याच्या तलावावर कार्यक्रम होता. मी समजले, तो झाला की चार बायका मला स्टँडवर सोडायला येणार. एवढा मान कशाला, असं म्हणत मी पांढरी साडी इस्त्री केली आणि छोटंसं भाषणही लिहून घेतलं.

कल्याणला भाची सायली स्कूटर घेऊन उभी होती. पत्रीपुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. तिथे माझ्या बॅगेचा बंद तुटला आणि इस्त्रीची साडी रस्त्यावर आली. मागच्या रिक्षावाल्याने खाली उतरून ती उचलून दिली. "मावशी, धूळ झटका, बाकी एकदम ओके आहे," म्हणाला. डोंबिवलीत आम्ही वडापाव खाल्ला. पुढे खाडी दिसायला लागली तशी मी सायलीच्या पाठीवर डोकं टेकलं. "आत्या, झोपलीस काय?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

कोपरीला पोचलो तर मंगलने निवट्यांचं (खाडीच्या चिखलात मिळणारे छोटे मासे) कालवण केलं होतं. मासे बाळकुमच्या सुनंदाने दिलेले, असं ती म्हणाली. सुनंदा कोण, तर तलावावरची. कालवणाला चव अशी की तिसरी भाकरी मी न लाजता घेतली.

रविवारी सकाळी तलावावर गेले तर मी एकटीच पांढऱ्या साडीत. बाकीच्या वीसेक बायका पोहायच्या पोशाखात. सुधाकरचा फोटो काठावर खुर्चीत ठेवला होता. सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि भाषणाचं कुणी नावच काढलं नाही. माझ्या मागे मात्र भलतंच बोलणं चाललं होतं.

"अगं, अक्काला घट्ट आवळ. गेल्या खेपेला सुटलेली."

"थोडी चेपलीय ना आता?"

"चेपली तरी बुडत नाही ती."

मी संतापून वळले. एका बाईच्या पाठीला दोरीने तेलाचा रिकामा डबा बांधत होत्या. आमच्याकडे विहिरीत पोरं शिकतात तेव्हा बांधतात तसाच. तोंड डाग देऊन पक्कं बंद केलेलं, पिवळा रंग आणि त्यावर लाल अक्षरांत 'अक्का'. अक्षर सुधाकरचं.

"तुम्ही येणार म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी केला होता, वन्सं," मंगल हळूच म्हणाली. "तुम्ही आला नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. डबा टाकून कसा देऊ? म्हणून बायकांना बांधायला लागले."

मी खाली फरशीवरच बसले. एक धिप्पाड आगरी बाई ओल्या अंगाने जवळ आली. हीच सुनंदा. "तूच का गो ती अक्का? मना वाटलं, अक्का म्हंजे डबाच."

मग मी बघितलं. एकेकीने डबा बांधून निघायचं. अर्ध्यावर मंगल दोरी सोडायची आणि पुढचं अंतर तिने आपल्या बळावर कापायचं. पिवळा डबा मागे एकटाच तरंगत राहायचा आणि काठावरच्या बायका ओरडायच्या, "सोडलं, अक्काला सोडलं!" चौघी पार गेल्या. माझ्या भावाच्या नावाने इतका आनंद मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

सोमवारी परत जायचं होतं, गेले नाही. सायलीने मला अंगभर पोशाख आणून दिला. आरशात बघून मीच हसले. पहिले चार दिवस मी कठडा सोडला नाही. नाकात पाणी गेलं, मंगलला ओरबाडलं, एकदा तर लहान पोरीसारखी रडले. सुनंदा म्हणायची, "भितेस काय? मी आख्खा जलम खारीवर (खाडीवर) काढला, तरी मना पोवाला याच डब्यान शिकवलं." आठव्या दिवशी डब्याने मला उचललं. पाठीवर थोपटल्यासारखं वाटलं आणि मी पाय मारायला लागले.

तिसऱ्या रविवारी मी निघाले. अर्ध्यावर मंगल शेजारी आली.

"वन्सं, सोडू?"

पायाखाली तळ नव्हता. मागे कठडाही नव्हता. "सोड," मी म्हटलं.

पाठ एकदम हलकी झाली. मी बुडाले, तोंडात पाणी आलं, पण हात थांबू दिले नाहीत. वर आले, पुन्हा हात मारले, आणि बोटांना पलीकडची फरशी लागली. ज्या घराला पाण्याची पायरी उतरू दिली नव्हती, त्या घरातली मी साठीला टेकल्यावर पार गेले होते. वर येऊन मी इतक्या मोठ्याने हसले की पहारेकरी बघायला आला. डबा मधोमध तरंगत होता.

दुसऱ्या दिवशी कल्याण स्टँडवर मंगल, सायली, सुनंदा आणि तिची जाऊ मला पोचवायला आल्या. कंडक्टरने विचारलं, "एवढ्या सगळ्या निघाल्या का?"

"नाय ओ," सुनंदा म्हणाली, "आमी अक्काला सोडाला आलोय."

मेसेज अखेर मला वाटला होता तसाच खरा ठरला.

या वेळी खिडकीची जागा मी मागून घेतली. घाट चढून गाडी वर आली आणि धरण दिसायला लागलं. मी काच सरकवली. पाणी संपेपर्यंत एकदाही नजर वळवली नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "काही म्हणालात का?"

"भावाशी बोलत होते," मी म्हटलं. सुधाकर, पेपर तपासून झाले रे.