शिंगवाल्याची तीट

जर्मन लोकांनी वसवलेल्या त्या छोट्या गावात नाताळाआधी राक्षसांची मिरवणूक निघते, ती बघायला आम्ही मुद्दाम ड्राइव्ह करून गेलो. शिंगं, केसाळ अंगं, कमरेला घंटा. नवरा म्हणाला, "अगं, मुखवटे आहेत ते." मलाही दिसत होतं, तरी मी दोन पावलं मागे सरले. त्यात निघायच्या घाईत तान्ह्या लेकीला तीट लावायची राहून गेली होती. एवढ्या गर्दीतून एक शिंगवाला नेमका आमच्याकडेच आला. मी तिला छातीशी घट्ट धरलं. तो वाकला आणि तिच्या गालावर काजळीचं बोट टेकवून निघून गेला. सगळ्यांनाच लावत होता म्हणे. नवऱ्याने पुसायला रुमाल काढला. मी त्याचा हात धरला. आता मला ते पुसायची भीती वाटत होती.