संमतीचा रकाना

"सही करायची नाही म्हणजे नाही, गौरी." रोहित स्वयंपाकघरातून असा ओरडला की अंगणातल्या मेपलवरचा बर्फ धपकन खाली आला. निदान मला तरी तसंच दिसलं.

आग मीच लावली होती. भाचीकडे, गौरीकडे, मिनियापोलिसला येऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते. ईडन प्रेरीचं (शहराबाहेरचं उपनगर) भाड्याचं अपार्टमेंट सोडून तिने आणि नवऱ्याने, रोहितने, हे जुनं घर दोघांच्या नावावर घेतलेलं. बाहेर थंडी अशी की शिंकलो तर शिंक टेबलावर ठेवता यावी. मी सांगलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात (घराजमिनीचे दस्त नोंदवतात तिथे) तीस वर्षं काढली. लोक वाचायला पेपर मागतात. मी घराची जुनी कागदपत्रं मागितली. पहिल्याच खरेदीखतात कलम सापडलं. गोऱ्या वंशाखेरीज कोणी या घरात राहू नये. घरच्या नोकरांना सूट.

"मामा, तुम्ही सकाळी पोहे केलेत म्हणून लीगल आहात," रोहित आदल्या दिवशी हसला होता.

गौरी हसली नाही. तिने रात्रभरात सगळं वाचून काढलं. असल्या अटी कोर्टांनी बजावायच्या नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलं. रंग पाहून घर नाकारायला बंदी करणारा देशाचा कायदा यायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली. बाई आहे म्हणून नाकारायचं नाही, हे त्यात घालायला आणखी काही. आता कलम मेलेलं होतं, पण कागदावर होतं. मालकाने अर्ज नोंदवला तर 'हे आम्हाला अमान्य' अशी नोंद कायमची जोडली जाते.

"यार, माझी ग्रीन कार्डाची फाइल कधीपासून लटकलीय," रोहित म्हणाला. "मेलेल्या कलमासाठी सरकारी ऑफिसात नाव कशाला द्यायचं? सध्याचे दिवस बघ."

"मग तू घरी थांब. पोहे कर," गौरीने गाडीची किल्ली उचलली.

रोहित गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला म्हणून बाहेर आला आणि गुपचूप पुढच्या सीटवर बसला. वाटेत पेट्रोल पंपावर कॉफी घेतली. पेला एवढा मोठा की आमच्या गल्लीतल्या दोन म्हशी त्यात डुंबल्या असत्या.

काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) कचेरी शांत होती. ना स्टँपवेंडर, ना टंकलेखक. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. खिडकीमागे साठीची काळी बाई होती, चष्मा साखळीला लटकवलेला. तिने कलम वाचलं.

"माझी आई अशाच एका घरात राहायची," ती म्हणाली. "तळघरात. कामाला होती."

मीही तळघरातच झोपत होतो.

गौरीने पेन टेकवलं आणि रोहितकडे पाहिलं. रोहित मोबाइलकडे पाहत होता. पेन हलेना. मग माझ्यातला तीस वर्षांचा कारकून जागा झाला. मी खिडकीत डोकं घातलं आणि माझ्या दणदणीत इंग्रजीत विचारलं, "नवऱ्याची संमती कुठल्या रकान्यात?"

बाईने कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "असा रकाना नाही. मालकांपैकी एकाची सही पुरते."

गौरीने सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, अगदी कडेपर्यंत.

गाडी घराच्या वाटेला लागली. मग रोहित म्हणाला, "एक कॉपी मला दे. फाइलला लावतो."

सांगलीला परतल्यावर जुन्या कचेरीत चहा झाला. मी किस्सा रंगवला. माझ्या सांगण्यात अख्खी काउंटी उठून उभी राहिली, ती बाई मला सलाम ठोकत होती. शेवटी म्हणालो, "बघा, काय देश आहे. नवऱ्याच्या संमतीला रकानाच नाही."

सगळे हसले. शिंदेबाई वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाला होत्या. त्यांनी संगणकावरून मान वर केली नाही.

"आपल्या अर्जावरही नव्हता, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारायचात."