सीट दोन बोटं खाली

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूध आलं की मी वास घेतो. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघतो. कुणी विनाकारण गोड बोललं की त्याचं काय काम अडलंय ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही. तंजावर सोडून आम्ही मद्रासला आलो तेव्हा आई रोज बजावायची, "या गांवांत कोणावर भरंवसा ठेवूं नको." तिचं बाकी काही नाही, पण हे एक मी तंतोतंत ऐकलं.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आगेमागे, मी जॉर्ज टाउनमधल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून लागलो तेव्हाची. घरापासून स्टेशन दोन मैल. सायकलने स्टेशन गाठायचं, बाहेरच्या स्टँडवर सायकल ठेवायची आणि विजेच्या गाडीने बीच स्टेशनला जायचं, असा आमच्या भागातल्या सगळ्या नोकरदारांचा क्रम होता. सायकल अप्पांची, माझ्या वडिलांची. वीस-बावीस वर्षं त्यांनी ती चालवली, त्याच स्टँडवर ठेवली. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, एकदा ते सरळ बैलगाडीवर जाऊन आदळले आणि आईने सायकल काढून माझ्या हवाली केली. सकाळी मी निघताना अप्पा तेवढे दाराशी येऊन टायर दाबून बघायचे.

स्टँड म्हणजे ताडाच्या झावळ्यांचं छप्पर आणि पुढे आडवी दोरी. राखणीला एक म्हातारा, कायम खाकी चड्डीत, कायम तिरसट. सायकल ठेवली की तो हँडलला पितळी बिल्ला अडकवायचा आणि त्याच नंबरचा दुसरा आपल्या हातात द्यायचा. बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल नाही. एकदा माझा बिल्ला गाडीत पडला. मला वर्षभर रोज बघणारा हा माणूस तमिळमध्ये शांतपणे म्हणाला, "थांबा सार. सगळे आपापली घेऊन जाऊ देत. उरेल ती तुमची." शेवटची सायकल जाईपर्यंत मी तिथे शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होतो. तो राग माझ्या मनातून गेला नव्हता, हे कबूल करतो.

त्यानंतर महिनाभरातच एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी सायकलवर बसलो की गुडघे वर यायचे. सीट दोन बोटं खाली गेलेली असायची. आमच्या घरात उंच असा मी एकटाच, त्यामुळे माझी सीट चांगलीच वर असे. मी ती सकाळी वर करावी आणि संध्याकाळी ती पुन्हा खाली. मग काय, माझं डोकं फिरलं. म्हटलं, हा नियमाचा पुतळा दिवसभर माझी सायकल भाड्याने देतोय!

मी सापळा लावला. सकाळी सायकल स्टँडवर उभी केली की पुढच्या चाकाची एक तार आणि वरचा चिमटा यांच्यात बारीक दोरा बांधायचा. चाक जागचं हललं की दोरा तुटणार. संध्याकाळी पाहिलं तर सीट खाली, दोरा मात्र शाबूत. दुसऱ्या दिवशी तेच. दुसरा कुणी असता तर त्याने संशय सोडला असता. मला वाटलं, म्हातारा भलताच बिलंदर, दोरा पुन्हा बांधतो.

शेवटी मी त्याला सरळ विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "इल्ले सार, नाही. तुमची सायकल या दोरीबाहेर गेलेली नाही." न बघता म्हणाला, म्हणजे खोटं बोलला.

घरी मी आरडाओरडा केला. अप्पा म्हणाले, "जुनी सायकल रे ती. सीट आपणच खालीं उतरत अशेल. त्या माणसाला कां दोष देतोस?" अप्पा कधीच कुणावर संशय घेत नसत. भोळे आहेत म्हणून मी सोडून दिलं आणि स्टँडच्या ठेकेदाराला चिठ्ठी लिहिली: तुमचा माणूस गिऱ्हाइकांच्या सायकली परस्पर दुसऱ्यांना देतो. त्याचं ऑफिस जॉर्ज टाउनमध्येच होतं. जेवणाच्या सुट्टीत स्वतः नेऊन दिली.

त्याला रंगेहाथ पकडायची हौस मात्र उरलीच होती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दुपारी परतलो आणि स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीआड उभा राहिलो.

माझी सायकल छपराखाली तिच्या मागच्या चाकाच्या स्टँडवर चढवलेली होती आणि तिच्यावर अप्पा बसले होते. मागचं चाक हवेत गरागरा फिरत होतं. अप्पा ताठ बसून पेडल मारत होते, कपाळावर घाम, तोंडावर हसू. मधेच घंटी वाजवून ते ओरडले, "ओरम्! ओरम्!" रस्त्यात कुणी आडवं आलं की मद्रासेत असंच ओरडतात. आणि तो तिरसट म्हातारा खरोखरच चाकासमोरून बाजूला झाला.

मला रडू आलं. पुढे जायचं धाडस झालं नाही. तसाच पुढच्या गाडीने परत जॉर्ज टाउनला गेलो आणि ठेकेदाराला म्हणालो की माझी चूक झाली, चिठ्ठी फाडून टाका.

"आता कशाला?" तो म्हणाला. "सकाळीच मी त्याला विचारलं, बिल्ल्याशिवाय कुणाला सायकलीला हात लावू देतोस का? सरळ हो म्हणाला. कुणाला, ते काही केल्या सांगेना. उद्यापासून दुसरा माणूस येईल." मी हातापाया पडलो. ज्यांना तो बसू देत होता ते माझेच वडील, सगळं सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि वहीत डोकं घातलं.

नव्या माणसाला मी बजावून ठेवलं, दुपारी एक वयस्कर गृहस्थ येतील, त्यांना माझ्या सायकलवर बसू दे. तो हसत हो म्हणाला. संध्याकाळी सीट सकाळी ठेवली तिथेच होती. घरी आलो तर अप्पा ओसरीवर बसले होते.

"तो माणूस गेला रे," ते म्हणाले. "कोणी त्याचावर तक्रार केली, तुला ठावूक आहे?"

"नाही," मी म्हणालो.

त्या धुरकट डोळ्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे. पण जन्मात कुणावर संशय न घेतलेला तो माणूस बराच वेळ माझ्याकडे रोखून बघत राहिला. मग उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल बाहेर काढली आणि दाराशी थोडा थांबलो. अप्पा टायर दाबून बघायला आले नाहीत. पुढे कधीच आले नाहीत.