काकांनी मागितलेला पाईप

काल दुपारी काका गेले. तेव्हा त्यांचा पाईप माझ्या बॅगेत होता आणि मी सांगलीच्या वाटेवर, मलकापूरच्या ट्रॅफिकमध्ये.

तंबाखूचा पाईप. ब्रायरचा, म्हणजे एका परदेशी झुडपाच्या मुळाशी असलेल्या गाठीचा. हे लाकूड सहजी जळत नाही.

फौजेत असताना काकांनी त्यांच्या साहेबांकडे तसा पाईप पाहिला होता. रिटायर झाल्यावर ब्रायरचा ठोकळा ऑनलाइन मागवला आणि तासगावच्या आमच्या बेदाणा शेडमध्ये बसून स्वतः कोरला.

वाटी जुन्या वळणाची, साहेबांच्या पाईपसारखी. तोंडात धरायची नळी मात्र मी डिझाइन केली. काळं अ‍ॅक्रिलिक, जोडावर बारीक अ‍ॅल्युमिनियमची रिंग.

काकू म्हणाल्या, "बिडी वडायला इलायती लाकूड लागतं व्हय?"

"बिडी न्हाई, पाईप हाय ह्यो."

"मग द्राक्षाला पाणी सोडा त्यातनं."

तंबाखू डॉक्टरांनी कधीच बंद केली होती. काका रिकामाच पाईप तोंडात धरून बसायचे.

नळी सैल झाली, म्हणून नवी करायला मी पाईप पुण्याला नेला होता.

काल सकाळी सांगलीच्या हॉस्पिटलमधून विनूचा फोन आला. विनू त्यांचा मुलगा.

"ताई, आबा सारखं पाईप पाईप म्हणतायत. शेजाऱ्याला बागेत पाठवलं, मेन लाईन बघून आला. कुठं लीक न्हाई. आबांना तसं सांगितलं, तर त्यांनी त्वांडच फिरवलं."

"विनू, तो पाईप नाही."

तो फोन तसाच धरून म्हणाला, "आबा, ताई घिऊन येतीया तुमचा पाईप."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"मान हलवली. लवकर ये."

लगेच निघाले.

मलकापूरला रस्त्याचं काम चालू होतं. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे ट्रक. मॅपवर सगळा रस्ता लाल. त्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं.

विनूचा परत फोन आला. तो बोललाच नाही.

पोचल्यावर मी नवी नळी बसवून पाहिली. घट्ट बसली. त्यांना हवी होती तशी.

विनू म्हणाला, "हातात दे त्यांच्या."

दिला. बोटं मिटेनात.

मग विनूने त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि मिटून धरली. नर्स येऊन "आता सोडा" म्हणाली, तरी सोडेना.

काका, तुमची वस्तू आणली होती. वेळेत पोचले नाही.

नमस्कार करते.